'सेव्ह' केले, पण काय काय?

समजा, केरी-तेरेखोल फेरीबोटीचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, एखाद्या विद्यार्थ्याने रचली. बोट नदीच्या मध्यावर आणि वीज गेली! फाइलमध्ये बोटीची जागाच तेवढी असेल, तर पुन्हा सुरू केल्यावर ती कोणत्या काठाला जाईल? दिशा, वेग, प्रवासी, घड्याळ, भरतीची पातळी, सारेच जतन हवे. पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०२४ साली 'अर्क' महासंगणक आला. अशा यंत्रांवरही हवामानाची प्रारूपे ठरावीक अंतराने आपली पूर्ण स्थिती लिहून ठेवतात.

आम्हांला वाटते, शाळेने केवळ यूपीएसवर विसंबू नये. प्रकल्प तपासताना तो मध्येच बंद करून पुन्हा उघडावा. न थांबता चालवल्यावर येणारे उत्तरच आले, तर पूर्ण गुण द्यावेत. महिन्याची मेहनत वाचली की नाही, हे उघडून पाहिल्यावरच कळते.