यंत्राच्या तोंडाशीच अडलेला पुनर्वापर

भोसरीपासून चाकणपर्यंत प्लास्टिकच्या कोणत्याही शेडमध्ये शिरा, एक तक्रार हमखास कानावर येते: मशीन माल ओढत नाही. पाइपची भिंत कुठे जाड, कुठे पातळ. अँपिअरचा काटा सतत खालीवर. मग डाय उघडतात, हीटर बदलतात, तापमान चढवतात आणि शेवटी ऑपरेटरला बोल लावतात. हॉपरखालच्या स्क्रूच्या पहिल्या काही आट्यांकडे मात्र कुणी पाहत नाही. ही हेळसांड आता परवडणारी नाही.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरित माल असायला हवा, २०२८-२९ मध्ये ६० टक्के. लवचीक वेष्टनांसाठी हेच प्रमाण १० वरून २० टक्क्यांवर जाते. उद्दिष्ट योग्यच आहे, आणि आम्ही त्याच्या बाजूने आहोत. पण हा माल ज्या यंत्रांतून जाणार, त्यांतली बहुतेक व्हर्जिन, म्हणजे कोऱ्या, दाण्यासाठी घडवलेली आहेत.

सिंगल स्क्रू एक्स्ट्रूडरच्या सुरुवातीच्या भागात माल सरकतो तो घर्षणातल्या फरकामुळे. दाण्याने बॅरलची भिंत धरली आणि स्क्रूवरून तो घसरला, तरच पुढे जातो; स्क्रूला चिकटला तर जागच्या जागी गरगरतो. डार्नेल आणि मोल यांनी १९५६ मध्ये हे गणितात मांडले. आता भरावाचे पाहा. पॉलिथिनचा एक लिटर दाणा साधारण पाचशे ते सहाशे ग्रॅम भरतो. फिल्मचा चुरा त्याच लिटरमध्ये शंभर ग्रॅमही भरेल याची खात्री नाही. आट्यांमधली पोकळी तेवढीच असल्याने दर फेऱ्याला पुढे जाणारा माल पाचपटीने घटतो आणि वितळलेल्या मालाचा दाब हेलकावे खातो. ही मोजणी करायला प्रयोगशाळा लागत नाही, लिटरचे माप आणि वजनकाटा पुरतो. तरीही प्रत्येक लॉट मोजणारे कारखाने थोडेच. चिखली-कुदळवाडीची भंगार गोदामे फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने पाडली. पुरवठादार असा हलला की मालही बदलतो, तेव्हा हे मोजमाप टाळून चालणारच नाही.

आमच्या पट्ट्यात आणखी एक दुखणे आहे: वीज. ती गेली की हॉपरखालच्या घशाभोवतीचे थंड पाणी थांबते. बॅरलची उष्णता मागे सरकते, घशातला माल मऊ पडतो आणि गोळा होऊन वाट बंद करतो. वीज परतल्यावर कामगार सळई घेऊन तो फोडतो. कधी सळई आत जाऊन स्क्रूचे नुकसान करते. कधी हात जातो. बहुधा कंत्राटी पोराचाच. फिरत्या स्क्रूवर जाळी नसणे हा गुन्हा मानला पाहिजे, मालकाची ऑर्डर कितीही अडली असो.

उपाय आहेत, पण ते सरसकट लावता येत नाहीत. जर्मनीत रुजलेली खाचांची फीड बुश, म्हणजे घशाजवळचा आतून खाचा पाडलेला नळीचा भाग, माल जोरात ओढते, मात्र तिला कडक थंडावा आणि कमी दाबणारा स्क्रू लागतो. जुन्या स्क्रूभोवती नुसत्या खाचा पाडल्या तर मोटर आणि माल दोन्ही तापतात. लहान स्क्रूच्या आट्या खोल करायला गेलात तर गाभा बारीक होऊन पिळाखाली तुटतो. अशा ठिकाणी चुरा आधी दाबून दाणा करणे किंवा माल रेटणारा फीडर बसवणे हाच मार्ग. घासलेला स्क्रू खराद्याकडे नेऊन त्याच्या झिजलेल्या मापावरून दुसरा बनवून आणणे तर आजच थांबायला हवे.

सुटे भाग मागवणाऱ्या मोठ्या कंपन्या भाव आणि प्रमाणपत्र मागतात. पुरवठादाराचे यंत्र पुनर्वापरित माल खाऊ शकते का, हेही त्यांनी ऑर्डर देण्याआधी विचारावे आणि बदलाच्या खर्चात वाटा उचलावा. उद्योजकांच्या संघटनांनी सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने शेडमध्ये जाऊन स्क्रूंची तपासणी सुरू करावी. आणि ज्या शेडमध्ये वीज वारंवार जाते, तिथे निदान घशाच्या पाण्याचा छोटा पंप इन्व्हर्टरवर ठेवावा. त्याचा खर्च एका तुटलेल्या स्क्रूपेक्षा नक्कीच कमी येतो.