तिकिटे जपून ठेवा

गेल्या पावसाळ्यात भोसरीच्या एका कारखान्यात आमच्या धाकट्या भावाचा हात प्रेसखाली सापडला. दोन बोटांची पेरे गेली. तीन आठवडे ताडीवाला रोडवरून चिंचवडला ड्रेसिंगसाठी त्याला नेत होतो. जाताना रिक्षा, कारण बसच्या गर्दीत हाताला धक्का लागे, येताना बस. घरात कमावता तोच. आईने भिशीचे पैसे मोडले.

"घरी लागले असे लिहून द्या, मालक बघून घेतील," असे सुपरवायझर म्हणाला. आईने साफ नकार दिला. बरे केले. घरचे दुखणे म्हटले की कामगार विम्यात आजारपणाचा भत्ता मजुरीच्या 70 टक्के, तोही वर्षाला 91 दिवसच. कामावरची इजा म्हटली की 90 टक्के, हात बरा होईपर्यंत. कायमचे अधूपण राहिले तर पुढे दरमहा रक्कम. कामाला लागून एकच दिवस झाला असला तरी हा हक्क असतो.

बंधुभगिनींनो, ही मेहेरबानी नव्हे. पगारातून पाऊण टक्का आपलाच कापला जातो. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1944 मध्ये, प्रा. अडारकरांचा अहवाल आला आणि त्यातून 1948 चा कामगार विमा कायदा झाला.

आमची चूक मात्र झाली. तिकिटे आम्ही चुरगाळून टाकत होतो. कामगार संघटनेच्या एका जाणत्या कार्यकर्त्याने विचारले, "तिकिटे कुठे?" आम्ही गप्प. रुग्णवाहिका नसेल तर इस्पितळात किंवा तपासणीला जाण्याचा खर्च नियमात बसेल तिथे मिळतो. वैद्यकीय मंडळापुढे बोलावले तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरीही मागता येते. पण कागद लागतो.

मंडळाच्या दिवशी आम्ही शहाणे झालो. बोलावण्याचे पत्र, दोन्ही वेळची तिकिटे, हजेरीचा शिक्का, सारे जपले आणि अर्जाला जोडले. अर्जाची पोचही घेतली. रक्कम थोडीच आली. पण मागितली नसती तर तीही आली नसती.

म्हणून घरोघरी एक डबा ठेवा. अपघात होताच कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा. विम्याचे कार्ड, केसपेपर, तिकिटे त्या डब्यात टाका. प्रत्येक फेरीची तारीख आणि कारण वहीत लिहा. शाळेत जाणाऱ्या लेकीला हे काम सांगा. ती चोख करील.

दुखणे चुकत नाही. हक्क तरी चुकू देऊ नका.