खिरापत ओळखा, भूत ओळखा

शेतकरी बंधुभगिनींनो, आणि हा अंक आईबापांच्या हातून ओढून घेणाऱ्या बालमित्रांनो,

आश्विन लागला की मोठ्यांचे डोळे सोयाबीनच्या गंजीकडे आणि कपाशीच्या पहिल्या वेचणीकडे लागतात, आणि पोरांचे डोळे कोजागिरीच्या दुधाकडे. दूध आटून, चांदणे त्यात उतरून, नैवेद्य होईस्तोवर रात्रीचे अकरा-बारा वाजतात. तोवर पोरांना जागे कसे ठेवावे, ही अडचण घरातल्या बाईमाणसापुढे दरसाल उभी राहते. म्हणून या खेपेस खत-बियाण्याची गोष्ट बाजूला ठेवतो आणि एक खेळ सांगतो. लेख वाचून झाला म्हणजे हाही शेतीचाच विषय होता हे तुमच्या ध्यानात येईल.

गेल्या कोजागिरीला मी नागपुरात, नंदनवनला ताईच्या घरी होतो. तिची नातवंडे आणि गल्लीतली दहा-बारा पोरे अंगणात जमली होती. त्यांतला एक जण म्हणाला, "मामाआजोबा, आम्हाले भुताची पार्टी पाहिजे." दूरदर्शन संचावर त्याने परदेशातला हॅलोविन पाहिला होता. मुखवटे, भोपळ्यात दिवे, आणि भुतांवर विचारलेले प्रश्न. जो जास्त उत्तरे देईल त्याला खाऊ.

मी त्याला हसलो नाही. ३१ ऑक्टोबरचा हा सण मुळात आयर्लंडकडच्या शेतकऱ्यांचा. पीक घरात आले, थंडी सुरू झाली, की त्या रात्री मेलेली माणसे फिरतात अशी तिकडची समजूत. सलगम नावाचा कंद कोरून ते त्यात दिवा ठेवीत. १९व्या शतकात ही माणसे मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली. तिथे भोपळा मिळाला, तो कोरायला सोपा, म्हणून भोपळ्याचा दिवा आला. आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत वाजतगाजत निघते, तीही १९व्या शतकापासून. गावातली इडापीडा आणि रोगराई तिच्यासोबत वेशीबाहेर काढायची आणि तिला जाळून मोकळे व्हायचे. भीती चव्हाट्यावर आणली की तिचा जोर ओसरतो, हे शहाणपण दोन्हीकडे एकच आहे.

तेवढ्यात ताई दूध ढवळता ढवळता म्हणाली, "अरे, प्रश्नांचा खेळ तर आपल्या भुलाबाईतच आहे!"

खरेच की! विदर्भातल्या लेकीबाळींना हे सांगायला नको. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलोजी, भुलाबाई आणि त्यांचा गणपती. पोरी फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा पुढे येतो. खिरापत ओळखा! पोरी डबा कानाशी धरून हलवतात. खुळखुळ वाजला तर फुटाणे किंवा शेंगदाणे, थप्प वाजला तर शिरा किंवा लाडू. झाकणाच्या फटीला नाक लावतात. विचारतात : गोड की तिखट? तळलेले की भाजलेले? एकेक शक्यता गाळत गाळत नाव घेतात. ही आपली अस्सल प्रश्नमंजूषा, आणि तिचा नियम एकच : डबा हलवल्याशिवाय नाव घ्यायचे नाही.

त्या रात्री आम्ही तोच नियम भुतांना लावला. मी एकेका भुताचे वर्णन करायचे. पोरांनी दोन तुकड्या करून प्रश्न विचारायचे. मी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे. पाच प्रश्नांच्या आत ओळखले तर दोन गुण, त्यानंतर ओळखले तर एक. काही विचारण्याआधीच नाव घेतले तर एक गुण वजा. ती भुते पुढे देतो. तुमच्याकडे दूध आटत असताना ती खुशाल वापरावीत.

पहिले भूत, धाकट्यांसाठी. "शेतात उभे असते, हात पसरलेले, डोके मडक्याचे. रात्री जवळून जाताना छातीत धडकी भरते, पण आजवर याने कोणाला हाक मारली नाही." चार वर्षांच्या पोरीने एकही प्रश्न न विचारता सांगितले : बुजगावणे! नियमाप्रमाणे तिचा गुण कापावा लागला. ती रडली, म्हणून तो परत दिला. लहानांच्या बाबतीत नियम थोडा वाकवावा.

दुसरे भूत. "तोंड पांढरे, पानाच्या आकाराचे. पडक्या वाड्यात राहते. अंगावरून गेले तरी पंखांचा आवाज येत नाही, आणि ओरडले की म्हातारी किंचाळल्यासारखे वाटते." हे गव्हाणी घुबड. त्याच्या पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असतात, त्यामुळे उडताना आवाज होत नाही. कान एक वर, एक खाली असतात, त्यामुळे काळोखातही उंदीर नेमका कुठे खुडबुडतो ते त्याला कळते. एका रात्रीत ते दोन-चार उंदीर सहज गट्ट करते आणि हाडे-केसांची गोळी ओकून टाकते. पडक्या भिंतीखाली अशा गोळ्या सापडल्या तर पोरांना काडीने फोडून पाहू द्याव्यात, मात्र नंतर हात साबणाने धुवावेत. आत उंदरांची हाडे दिसतील. आता हिशेब करा : तुमच्या गव्हा-हरभऱ्याची राखण फुकटात करणारा हा गडी. कोजागिरीला लक्ष्मी 'को जागर्ति', म्हणजे कोण जागे आहे, असे विचारत फिरते म्हणतात. आणि घुबड तिचे वाहन. तरी दिवाळीच्या सुमारास गुप्तधनाच्या आणि जादूटोण्याच्या नादाने घुबडे पकडली जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तर तो आपल्याच कोठीवर घातलेला दरोडा आहे.

तिसरे भूत. "दिवसा नीट असते, रात्री अंग मिटून घेते. लोक म्हणतात, याच्यावर हडळ बसते." पोरांना हे ओळखता ओळखता आठ प्रश्न लागले. उत्तर : चिंच. चिंचेची बारीक पाने रात्री जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी उघडतात. लाजाळू बोटाने मिटते, चिंच अंधाराने. पोरांनी कंदील घेऊन झाड पाहून यावे. मोठे माणूस सोबत असावे.

चौथे भूत. "दिवसभर गप्प. रात्री सगळे निजले की डोक्यावर टक-टक, कट्-कट् करत चालते. वर जाऊन पाहिले तर कोणी नाही." हा छपराचा पत्रा! उन्हाने तापून तो फुगतो, रात्री निवला की आकसतो, आणि आकसताना खिळ्यापाशी आवाज करतो. जुन्या लाकडी तुळयाही असाच आवाज देतात. उत्तर कळल्यावर एक पोरगा हळूच म्हणाला, "म्हणजे आमच्या घरी तेच असते." इतके दिवस तो त्या आवाजाने तोंडावर पांघरूण घेऊन झोपत होता, हे त्याच्या आईलाही ठाऊक नव्हते.

पाचवे भूत बसून ओळखायचे नाही. "रानात वाट चुकवते. माणूस सरळ चालतो म्हणतो आणि फिरून त्याच जागी येतो." हा चकवा. हे भूत आम्ही अंगणातच पकडले. एकेका पोराचे डोळे बांधले आणि समोरच्या विजेच्या खांबाकडे सरळ चालायला सांगितले. पहिला गेला डावीकडे, ताईच्या तुळशीवृंदावनाकडे. दुसरी उजवीकडे वळून थेट दुधाच्या पातेल्याच्या दिशेने निघाली, तिला धावत जाऊन अडवावे लागले. खांबापाशी एकही पोचला नाही. २००९ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग मोठ्या माणसांवर केला. जंगलात आणि सहारा वाळवंटात त्यांना सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ झाकले की वळली, आणि जंगलात तर गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागली. दुरची खूण डोळ्यांपुढे नसली की पावलांचा अंदाज थोडा थोडा चुकत जातो, आणि त्या चुकांचे मिळून रिंगण होते. तेव्हा रानात चकवा लागला असे वाटले तर पळू नये. थांबावे, चंद्र, तारा किंवा गावचा दिवा शोधावा आणि त्याच्या रोखाने चालावे. (हा खेळ सपाट मोकळ्या जागी खेळावा. गच्चीवर, विहिरीजवळ किंवा चुलीपाशी मुळीच खेळू नये.)

सहावे भूत मात्र मी आवाज बदलून सांगत नाही.

"रात्री येते. झोपलेल्या माणसाला शिवते, पण त्याला जाग येत नाही. अंगावर खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, घशाखाली घोट उतरत नाही, पापण्या आपोआप मिटू लागतात, बोलणे गेंगाणे होते. मग श्वास थांबतो."

माझ्या लहानपणी आमच्या सालदाराचा मुलगा माझ्याच वयाचा, नऊ-दहा वर्षांचा होता. आम्ही एकत्र गुरे वळायचो. असेच आश्विनाचे दिवस होते. तो गोठ्याजवळ जमिनीवर वाकळ टाकून झोपला होता. पहाटे उठला तो पोट धरून. डोळे उघडत नव्हते. मोठी माणसे म्हणाली, याला बाहेरचे लागले. काल तिन्हीसांजेला चिंचेखालून गेला होता. शेजारच्या गावी एका जाणत्याकडे नेले. अंगारा झाला, लिंबू झाले. दुपारी बैलगाडी परत आली तेव्हा मला घरात कोंडून ठेवले होते, पण फटीतून मी पाहिले. वाकळ कोणी झटकून पाहिली नाही, सापाचे नावही कोणी काढले नाही. त्या दिवशी डबा न हलवताच सगळ्यांनी नाव घेऊन टाकले होते.

पुढे मी कृषी महाविद्यालयात शिकलो, नोकरीत लागलो. एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी मण्यारीच्या दंशाची लक्षणे फळ्यावर लिहिली, तेव्हा मला ती एकेक करून ओळखीची वाटली. मण्यार चकचकीत काळी, अंगावर बारीक पांढरे पट्टे. ती रात्री उंदीर आणि दुसरे साप शोधत फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला डसते. दात बारीक, त्यामुळे वेदना थोडी आणि खूण जवळजवळ नाहीच. विष मज्जातंतूंवर चालते. म्हणून तिचा दंश हा सापाचा दंश वाटतच नाही; भुताने धरल्यासारखा वाटतो.

२००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांत बहुतेक आपल्यासारखी खेड्यातली माणसे.

म्हणून पुढील गोष्टी पोरांकडून पाठ करून घ्याव्यात. जमिनीवर निजू नये, खाटेवर निजावे. मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचावी. जमिनीवर निजावेच लागले तरी मच्छरदाणी सोडू नये. घरात धान्य सांडून उंदीर बोलावू नयेत. उंदरामागे साप येतो. रात्री ओलिताला जाताना बॅटरी, काठी आणि पायांत गमबूट असावेत. दंशाची नुसती शंका आली, किंवा पहाटे वरची लक्षणे दिसली, तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठावा. रोग्याला चालवू नये. हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. साप मारून न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. ती घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मण्यारीच्या विषात कधी यंत्राने श्वासही द्यावा लागतो, म्हणून उशीर नको. साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

नंदनवनच्या अंगणात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा पोरे गप्प झाली होती. मग त्या भुताची पार्टी मागणाऱ्यानेच विचारले, "काऊन जी मामाआजोबा, भूत खरंच नसते का?" मी म्हणालो, "बाळा, तीस वर्षे मी रात्री-अपरात्री शेतांतून फिरलो. भूत एकदाही भेटले नाही. मण्यार तीनदा भेटली." त्यावर ताईची नात म्हणाली, "मग आजच मच्छरदाणी लावायची." त्या रात्री शेवटचे दोन गुण तिला मिळाले.

तेव्हा बंधुभगिनींनो, पोरगे अंधाराला भ्याले तर त्याला "गप्प बस" म्हणू नका आणि "बाऊ येईल" असेही सांगू नका. त्याला विचारा : आवाज कसा होता? कुठून आला? कधी येतो? कंदील घ्या, त्याचे बोट धरा आणि दोघे मिळून पाहून या. आपण खिरापतीच्या डब्यासाठी इतका विचार करतो, तेवढाच या भीतीसाठी करावा.

यंदाच्या कोजागिरीला हा खेळ घरी मांडावा, आणि तुमच्या गावचे एखादे भूत पोरांनी ओळखून काढले तर एका पोस्टकार्डावर जरूर कळवावे. दूध गरम आहे तोवर पुरे करतो.