गुन्ह्यांचे आकडे: जगाच्या यादीपासून आपल्या पोलीस ठाण्यापर्यंत

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एखादी यादी फिरत येते. कधी 'जगातले सर्वात धोकादायक देश', कधी 'बलात्कारात कोणता देश पुढे'. एका यादीत स्वीडन वर असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "मुस्लिम निर्वासित घेतले, भोगा आता." दुसऱ्या यादीत भारत अमेरिकेपेक्षा सुरक्षित ठरतो. तिसरीत केरळ म्हणजे गुन्हेगारीचं माहेरघर. लोक वाचतात, राग व्यक्त करतात, पुढे पाठवतात. हा आकडा आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, २०२३ सालचा अहवाल २०२५ च्या सप्टेंबरअखेर आला. त्यानुसार त्या वर्षी देशात खुनाचे २७,७२१ गुन्हे नोंदले गेले. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, ते २८,५२२ होते, म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे साधारण २.१. संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासानुसार २०२१ मध्ये जगाची सरासरी ५.८ होती. अमेरिकेचा दर तेव्हा सातच्या जवळ होता. मग आपण खरंच इतके शांत आहोत का? उत्तर थोडं हो, थोडं नाही. ते समजून घ्यायचं तर आधी पोलीस ठाण्यात जावं लागेल.

आकडा जन्मतो तो ठाण्यात

समजा शहागंजच्या बाजारात गाडी लावण्यावरून दोघांची बाचाबाची झाली. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर बुक्क्या मारल्या, ओठ फुटला. मार खाल्लेला माणूस ठाण्यात जातो. ही साधी दुखापत, म्हणजे कायद्याने अदखलपात्र गुन्हा. पोलीस 'एनसी' लिहून घेतात, एक कागद हातात देतात आणि कोर्टात जायला सांगतात. आपल्याकडे हा कागद घरोघरी सापडेल. पण एनसीआरबी फक्त दखलपात्र गुन्हे मोजते. म्हणजे देशाच्या हिशेबात ही मारामारी झालीच नाही.

हीच घटना इंग्लंडमध्ये झाली तर? तिथे जखम न झालेली धक्काबुक्कीसुद्धा पोलिसांच्या 'व्यक्तीविरुद्ध हिंसा' या सदरात नोंदली जाते. आता दोन देशांचे आकडे शेजारी ठेवा. इंग्लंड भांडखोर दिसेल आणि आपण साधेभोळे. फरक माणसांत कमी, वहीत जास्त.

उलटंही घडतं. एनसीआरबी 'हिंसक गुन्हे' म्हणून जी यादी धरते, तिच्यात अपहरणही येतं. २०२२ मध्ये देशात अपहरणाचे १,०७,५८८ गुन्हे नोंदले गेले. आकडा ऐकून अंगावर काटा येतो. पण २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अल्पवयीन मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. सतरा वर्षांची मुलगी स्वतःहून घर सोडून गेली तरी पेपरात ओळ तीच येते: 'अज्ञाताने फूस लावून पळवले.' यात खरी, भयानक अपहरणंही आहेत आणि घरगुती भांडणंही. सगळं एकाच रकान्यात.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी एनसीआरबी त्यातला सर्वात गंभीर गुन्हा तेवढा मोजते. बलात्कार करून खून झाला, तर ते प्रकरण बलात्काराच्या आकड्यात धरलं जात नाही. २०१८ च्या मे महिन्यात आपल्या शहरात शहागंज-राजाबाजार भागात दंगल पेटली, दोन माणसं गेली, दुकानं जळाली. अशा एका रात्रीत शेकडो कुटुंबांचं नुकसान होतं, पण तक्त्यात येते ती फक्त दाखल गुन्ह्यांची संख्या. कुणाची कमाई जळाली, हे त्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

आपलं शहर यादीतून गेलं

२०१५ पर्यंतच्या अहवालांत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या ५३ शहरांचे तक्ते असायचे. त्यात औरंगाबाद होतं. पुढच्या वर्षीपासून २० लाखांवरची १९ शहरंच राहिली. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर टिकली, आपण बाहेर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. जिल्ह्यांच्या तक्त्यात आपली नोंद अजून असते, शहर पोलीस वेगळे आणि ग्रामीण पोलीस वेगळे. पण 'सुरक्षित शहर' म्हणून बातम्यांत जी क्रमवारी येते, तिच्यात छत्रपती संभाजीनगर नाही. म्हणून 'आपलं शहर देशात अमुक क्रमांकावर' असा मेसेज आला तर आधी विचारा, कोणत्या यादीत?

त्या १९ शहरांचे दरही २०११ च्या लोकसंख्येवर काढले जातात. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. शहर वाढलं, गुन्हे नवे, भागाकाराला माणसं मात्र जुनीच. त्यामुळे झपाट्याने वाढलेलं शहर आहे त्यापेक्षा वाईट दिसतं.

केरळ आणि स्वीडन

आता केरळकडे बघा. २०२२ मध्ये भारतीय दंड संहितेखालच्या गुन्ह्यांचा केरळचा दर उत्तर प्रदेशच्या तिपटीहून जास्त होता. पण त्याच वर्षी खुनाचा दर केरळमध्ये लाखामागे ०.९ आणि उत्तर प्रदेशात १.५ होता. गुन्हेगारीचं माहेरघर असतं, तर तिथे माणसं कमी कशी मारली जातात? कारण केरळमध्ये शिकलेला, हक्क माहीत असलेला माणूस ठाण्यात जातो आणि गुन्हा लिहून घेतला जातो. जिथे लिहिलं जातं तिथे आकडा फुगतो. जिथे दारातूनच परत पाठवलं जातं तिथे कागदावर शांतता असते.

स्वीडनचंही तसंच. तिथे एकाच बाईवर एकाच माणसाने वर्षभरात अनेक वेळा अत्याचार केला तर प्रत्येक वेळेची वेगळी नोंद होते. आपल्याकडे बहुतेक वेळा तो एक एफआयआर, एक गुन्हा. स्वीडनने २००५ मध्ये बलात्काराची व्याख्या रुंदावली. २०१८ मध्ये 'संमती नसेल तर बलात्कार' असा कायदा केला. नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती तिथे १९६५ पासून गुन्हा आहे. आपल्या कायद्यात बायको सज्ञान असेल तर तो आजही बलात्कार ठरत नाही. निर्वासित आणि गुन्हेगारी हा वाद स्वीडनमध्ये जरूर आहे आणि तो तिथल्या पुराव्यावर व्हावा. पण स्वीडनचा दर भारताशेजारी ठेवून कुणाच्या दीनाला शिव्या देणं म्हणजे मीटर आणि फूट यांची तुलना.

आपल्या घरातलं सत्य वेगळ्या पाहणीत दिसतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के महिलांनी कुणाकडे तरी मदत मागितली, तीही बहुतेक माहेरच्यांकडे. बाकीच्या गप्प राहिल्या. अमेरिका १९७३ पासून आणि इंग्लंड १९८०च्या दशकापासून घरोघरी जाऊन लोकांना थेट विचारतात, "तुमच्याबाबतीत गुन्हा घडला का? पोलिसांना सांगितलं का?" तिथेही हिंसेच्या निम्म्याहून कमी घटना पोलिसांपर्यंत जातात. आपल्याकडे अशी नियमित देशव्यापी पाहणी नाही.

खून लपवणं अवघड, पण अशक्य नाही

म्हणूनच देशांची तुलना करताना अभ्यासक खुनाचा आकडा धरतात. मारहाण लपते, मय्यत सहसा लपत नाही. तरी तिथेही फट आहे. भारतात हुंडाबळी खुनाच्या रकान्यात धरले जात नाहीत. त्यांची वेगळी नोंद होते आणि ती दरवर्षी सहा हजारांच्या वर असते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मात्र हुंड्यासाठी केलेली हत्या ही हत्याच मानली जाते. शिवाय संशयास्पद मृत्यू आधी 'अकस्मात मृत्यू' म्हणून लिहिला जातो. तपास नीट झाला तर त्याचा खून होतो, नाही झाला तर फाईल बंद.

मग देशादेशांत खरा फरक कशामुळे?

मोजणीचा घोळ बाजूला काढला तरी फरक उरतोच, आणि तो मोठा आहे. जपानमध्ये खुनाचा दर लाखामागे अर्ध्याहूनही कमी, मेक्सिकोत पंचविसाच्या आसपास, दक्षिण आफ्रिकेत चाळिसाच्या वर.

पहिलं कारण हत्यार. अमेरिकेत चारपैकी तीनहून अधिक खून बंदुकीने होतात. आपल्याकडे बंदुकीला परवाना लागतो. म्हणून गल्लीतल्या भांडणात चाकू निघतो, दांडका निघतो. चाकूने वार झालेला माणूस घाटीत वेळेवर पोहोचला तर वाचू शकतो. गोळी तेवढी संधी क्वचितच देते.

दुसरं कारण टोळ्या. अमेरिका खंडात २०२१ मधल्या निम्म्या हत्या संघटित गुन्हेगारीशी जोडलेल्या होत्या. आपल्याकडे २०२२ मध्ये खुनाचं सर्वात मोठं कारण होतं वाद: ९,९६२ गुन्हे. त्यानंतर वैर आणि मग पैसा. म्हणजे इथे बहुतेक वेळा ओळखीचाच माणूस ओळखीच्या माणसाला मारतो. आपल्या शहरात 'बटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या नशेच्या गोळ्या पोरांच्या हातात आल्या, की क्षुल्लक वादाचा चाकूहल्ला व्हायला वेळ लागत नाही. ही गोष्ट मोहल्ल्यातल्या प्रत्येक आईला माहीत आहे.

तिसरं कारण विषमता आणि बेकारी. चौथं, पोलीस आणि कोर्टावरचा भरवसा. इन्साफ मिळेल असं वाटलं तर माणूस तक्रार करतो. नाही वाटलं तर स्वतःच हिशेब चुकता करायला निघतो.

धर्माचं काय? मुस्लिमबहुल इंडोनेशियात पोलिसांकडे नोंदलेला खुनाचा दर एकाहून कमी आहे. कॅथलिक इटलीतही एकाहून कमी आणि कॅथलिक मेक्सिकोत पंचविसाच्या आसपास. एकाच धर्माचे दोन देश इतके वेगळे असतील, तर कारण धर्मात शोधून सापडणार नाही. आपल्यालाही हे लागू आहे. इंडोनेशियाचा आकडा दाखवून छाती फुगवायचं कारण नाही. युद्धात मेलेले लोकही या दरात धरले जात नाहीत, त्यामुळे इराक-सीरियाची शोकांतिका या तक्त्यांत पूर्ण दिसतच नाही.

एल साल्वादोरमध्ये २०१५ साली हा दर शंभराच्या वर होता. २०२३ मध्ये सरकारने तो २.४ सांगितला. टोळ्या मोडल्या, लोकांना दिलासा मिळाला, हे खरं. पण आणीबाणी लावून सत्तर हजारांहून जास्त लोक आत टाकले गेले, त्यात कित्येक निर्दोष असल्याच्या तक्रारी आहेत. सुरक्षा दलांच्या हातून मेलेले टोळीवाले त्या आकड्यात धरले जात नाहीत. 'बघा, कडक कारवाईने गुन्हे संपतात' असा मेसेज आला, तर ही दुसरी बाजूही सांगा. आपल्या देशाच्या तुरुंगांत २०२२ अखेर चारपैकी तीन कैदी कच्चे होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यात मुस्लिमांचं प्रमाण लोकसंख्येतल्या १४.२ टक्के वाट्यापेक्षा जास्त आहे. हा आकडा कुणाला पकडलं ते सांगतो, कुणी गुन्हा केला ते नाही.

जे मोजलं जात नाही

झुंडबळींचं उदाहरण घ्या. एनसीआरबीने २०१७ साठी त्याची माहिती गोळा केली, पण अहवालात छापली नाही. माहिती भरवशाची नाही, असं कारण सरकारने दिलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आलं. पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनाला वेगळी तरतूद आहे. आता हा गुन्हा मोजता येईल. पण एफआयआरमध्ये ते कलम लावलं तरच. नाहीतर तो साधा खून म्हणून रकान्यात जाईल आणि उद्या कुणीतरी म्हणेल, "असं काही घडतच नाही."

म्हणून नोंद महत्त्वाची. ठाण्याची भीती आपल्या मोहल्ल्यांत उगाच आलेली नाही, हे मान्य. 'इज्जतीचा सवाल आहे, घरातच मिटवा' हेही आपलंच वाक्य आहे. पण ज्या बहिणीची तक्रार लिहिली गेली नाही, ती सरकारच्या हिशेबात नाही. तिच्यासाठी ना निधी, ना महिला अधिकारी, ना आसरा.

कायदा काय देतो ते पाठ करून ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. नव्या कायद्याने तीन ते सात वर्षं शिक्षेच्या काही प्रकरणांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते, एवढाच अपवाद लक्षात घ्या. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी 'झिरो एफआयआर' घ्यावीच लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नकार मिळाला तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे पाठवा: ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तालयात. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. लैंगिक अत्याचाराची तक्रार लिहून न घेणारा पोलीस स्वतः शिक्षेला पात्र ठरतो. आणि हातात एनसी दिली गेली तर विचारा, दखलपात्र कलम का लागत नाही? जखम मोठी असेल, हत्यार वापरलं असेल, तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा.

पुढच्या वेळी ग्रुपवर यादी आली तर तीन गोष्टी विचारा: काय मोजलं, कुणी मोजलं आणि कितीजण मोजायचे राहून गेले. उत्तर नसेल तर मेसेज पुढे पाठवू नका.