स्नायूला भाराची भाषा कळते

२५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला ‘ॲक्सिअम-४’ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे झेपावले आणि १५ जुलैला सुखरूप परतले. त्यांच्याकडे सोपवलेल्या भारतीय प्रयोगांपैकी एक बंगळूरूच्या ‘इनस्टेम’ या मूलपेशी संशोधन संस्थेचा होता. सूक्ष्मगुरुत्वात स्नायूंची पुनर्निर्मिती कशी होते आणि चयापचयाला साहाय्य करणारी पूरक द्रव्ये तिला हातभार लावतात का, हा त्याचा विषय. प्रयोग मोलाचा आहे. अंतराळवीरांनाच नव्हे, तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांनाही अशा संशोधनाचा उद्या लाभ होऊ शकेल. मात्र त्यावरच्या आपल्या चर्चेत ‘पूरक द्रव्ये’ एवढाच शब्द उरतो आणि मूळ प्रश्न मागे पडतो, असे मला वाटते. अंतराळात स्नायू क्षीण का होतात? कारण तेथे त्यांच्यावर भार नसतो.

म्हणूनच स्थानकावरील अंतराळवीर दररोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. वजने तेथे निरुपयोगी असल्याने निर्वात नळकांड्यांच्या साहाय्याने प्रतिरोध निर्माण करणारे यंत्र वापरावे लागते. आजवर कोणत्याही गोळीने या दोन तासांची जागा घेतलेली नाही.

भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला स्नायू हा पदार्थ विलक्षण वाटतो. लोखंडी तुळईवर पुनःपुन्हा भार दिला की तिच्यात सूक्ष्म तडे वाढत जातात आणि अखेर ती तुटते. स्नायूवर योग्य प्रमाणात व पुरेशी विश्रांती देऊन भार दिला, तर तो अधिक बळकट होतो. त्याच्या आत मायोसिन या प्रथिनाचे रेणू ॲक्टिनच्या तंतूंना ओढत असतात. एका रेणूचे बल न्यूटनच्या एक लाख कोटी भागांपैकी जेमतेम काही भाग, आणि एका वेळची ओढ काही नॅनोमीटरची. असे असंख्य रेणू एकत्र आले की आपण भरलेली घागर उचलतो. हा ताण पेशीला जाणवतो, त्याचे रूपांतर रासायनिक संदेशात होते आणि नवी प्रथिने घडू लागतात. तंतूंच्या कडेला सुप्त असलेल्या उपग्रह पेशीही दुरुस्तीसाठी जाग्या होतात.

भार कोणत्या प्रकारचा, यावर बदल ठरतो. दीर्घकाळ धावणाऱ्याच्या स्नायूंत तंतुकणिका वाढतात आणि केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून तंतुकणिकांची ही वाढ प्रथम ठोसपणे दाखवली. पुढे माणसाच्या स्नायूंतही ती आढळली. जड वजन उचलणाऱ्याचे तंतू जाड होतात, पण ते सावकाश. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः चेतासंस्थेची कमाई असते. मेंदू आणि मज्जारज्जू अधिक तंतूंना अधिक नेमकेपणाने कामाला लावायला शिकतात.

याचे उत्तम उदाहरण १९९० मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथून प्रसिद्ध झाले. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या निवासी संस्थेतील नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनांचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या मध्यावरील स्नायूचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ९ टक्केच वाढले. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घटली. अभ्यास छोटा असला तरी त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नव्वदीतही स्नायू शिकतो, आणि अभ्यास सुटला की विसरतो.

आता आपल्या देशाकडे पाहू. २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचालीबरोबरच दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगतात. आपल्याकडे ‘रोज चाला’ हा सल्ला रुजला, पण दुसरे अर्धे वाक्य बहुतेकांच्या कानी पडलेलेच नाही.

जे मोजले जात नाही, त्याची धोरणात नोंद होत नाही. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या २०१५ च्या अभ्यासात मुठीचे बल दर ५ किलोग्रॅमने कमी असेल, तर मृत्यूची जोखीम सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळली. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तरीही हातात धरून आवळायच्या साध्या उपकरणातून मिळणारी ही माहिती दुर्लक्षण्याजोगी नाही. आपल्या ‘लासी’ सर्वेक्षणात ४५ वर्षे व त्यापुढील लोकांच्या मुठीचे बल मोजले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मात्र उंची, वजन, रक्तदाब आणि रक्तशर्करा होती, बल नव्हते. यापुढील फेऱ्यांत ते घ्यावे, अशी माझी आग्रही सूचना आहे.

दुसरी सूचना विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांसाठी. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला किंवा भौतिकशास्त्राला दिला जातो. भौतिकशास्त्रात आयुष्य घालवूनही मला हा व्यवहार तोट्याचा वाटतो. तरुणपणी कमावलेल्या बळाच्या साठ्यातूनच पुढे उतारवयात खर्च करायचा असतो. दंड, बैठका, दोरीवर चढणे, पाण्याची भरलेली बादली उचलणे, यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. भार हळूहळू वाढवावा, मध्ये विश्रांती द्यावी आणि आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गगनयानातून आपले अंतराळवीर जातील तेव्हा त्यांच्या स्नायूंची काळजी शास्त्रशुद्ध रीतीने घेतली जाईलच. तेच शास्त्र जमिनीवरील वर्गखोल्यांत, कार्यालयांत आणि स्वयंपाकघरांत पोहोचवायला कोणत्याही अग्निबाणाची गरज नाही. तुमच्या शाळेत किंवा महाविद्यालयात खेळाचा तास प्रत्यक्षात होतो का, हे जरूर कळवा.