मोफत रुग्णाला न्यायही मोफत मिळेल काय?

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात कोपीवर राहणाऱ्या ऊसतोड मजुराचे मूल दोन दिवस ओकते आहे, पोट धरून रडते आहे, त्याला धाप लागली आहे. या लक्षणांवर गॅस्ट्रो, टायफॉइड, नाही तर न्यूमोनियाचा शिक्का मारणे सोपे असते; अशक्तपणा दिसतो म्हणून ग्लुकोजची बाटली लावणे त्याहून सोपे. परंतु हीच लक्षणे मधुमेहातील कीटोअ‍ॅसिडोसिसचीही असतात. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते, रक्त आम्ल होते. अशा मुलाला आणखी साखर देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. संशय येण्यासाठी लागतो तो बोटाच्या रक्ताचा एक थेंब, आणि तहान-लघवीविषयी आईला विचारलेला एक प्रश्न. टोरोंटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन प्रथम टोचले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये. शंभर वर्षे उलटली, तरी आमच्याकडे या आजाराने मूल दगावले की 'नशीब' म्हणायचे!

डॉक्टरला कोर्टात खेचा, असा सल्ला शहाणी माणसे देतात. पण खेचणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणले, हे योग्यच झाले. मात्र त्याच निकालाने जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात ते रुग्णालय कायद्याबाहेर ठेवले. केसपेपरचे नाममात्र शुल्क भरल्यानेही फरक पडत नाही. पुढे १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. या निर्णयाचे स्वागतच आहे. पण त्याची दुसरी बाजू कोणी बोलत नाही: खासगी दवाखान्यात पैसे मोजणारा बागाईतदार 'ग्राहक' ठरतो, आणि सरकारी खाटेवरचा मजूर कोणीच नाही!

त्याला दिवाणी न्यायालय उघडे आहे, असे उत्तर येईल. आहे खरे. तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेवेळी टॉवेल राहिला व ती मरण पावली. खालच्या कोर्टाने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले ते १९९६ मध्ये. तेहतीस वर्षे! हंगाम संपताच गाव सोडणाऱ्या मजुराने इतक्या तारखा कशा पाळाव्यात?

शिवाय एका डॉक्टरला पिंजऱ्यात उभे केले की शासनाची सुटका होते. रात्रपाळीला एकटा वैद्यकीय अधिकारी, रक्तशर्करेच्या पट्ट्या संपलेल्या, इन्सुलिन कुलपात, आणि सुमारे सत्तर किलोमीटरवर पुणे, अशी स्थिती असेल तर तो अपराध कोणाचा? अर्थात, पट्टी हाताशी असून ज्याने तपासलेच नाही, त्याची गय करण्याचे कारण नाही.

म्हणून शिरूर व दौंडच्या साथींनी या गळीत हंगामापूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री जाऊन ग्लुकोमीटर, पट्ट्या व इन्सुलिनचा साठा पाहावा आणि तो लेखी नोंदवून घ्यावा. रुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत हा २००२ पासूनचा नियम आहे. ते कागद नातेवाइकांच्या हाती पडेपर्यंत कार्यकर्त्याने रुग्णालयाची पायरी सोडू नये. मोफत उपचार घेणाऱ्यास ग्राहक कायद्याचे संरक्षण हवे, ही मागणी आपल्या आमदारांच्या तोंडून विधानसभेत वदवून घेण्याचे काम त्यानंतरचे.