जनाज्याआधीचा हिशेब

खाडीकाठच्या आपल्या मोहल्ल्यातल्या सर्व बंधू-भगिनींनो, आणि पोटापाण्यासाठी मुंब्र्यात, कुवेतला, दोह्याला, दम्मामला असलेल्या आपल्या माणसांनो,

गेल्या पावसाळ्यात आपल्या कब्रस्तानात एक कबर खणायला फजरपासून जोहरपर्यंत वेळ लागला. वरची दोन हात माती निघाली आणि खाली जांभा लागला. पोरं आळीपाळीने उतरत होती, पहार चालवत होती, बाजूने झिरपणारं पाणी डब्याने उपसत होती. वयामुळे मला आता खाली उतरता येत नाही, म्हणून मी कडेला दगडावर बसून होतो. भोवती वीस-पंचवीस माणसं. कुणी मोबाइलवर बोलत होतं, कुणी पावसाकडे बघत होतं. त्यांना कशाला बोल लावू? समोर उघडी कबर असताना माझ्याही डोक्यात घराच्या गळक्या पडवीला किती कौलं लागतील, हेच चाललं होतं.

मग जनाजा आला. नमाजेआधी थोरल्या मुलाने पुढे येऊन, आपल्याकडे सगळेच वारस म्हणतात तसं, म्हटलं की वडिलांकडे कुणाचं काही येणं असेल तर मला येऊन भेटा, त्यांनी कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. सफा शांत होत्या. कुणी काही बोललं नाही. अशा वेळी कुणी बोलत नसतंच.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ते दोन शब्द बोलायचा हक्क ज्याचा होता तो पांढऱ्या कापडात होता. चाळीस वर्षं त्याला तोंड होतं, पाय होते, ज्याचं देणं होतं त्याचं घर दोन आळ्या सोडून होतं. आज आपल्यापैकी प्रत्येकाला तोंड आहे, पाय आहेत. म्हणून हे पत्र.

हदीसमध्ये येतं की जनाजा आणला की प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आधी विचारायचे, याच्यावर काही देणं आहे का? एकदा देणं आहे असं कळलं आणि फेडायला मागे काही नाही असंही कळलं, तेव्हा ते नमाज पढवायला पुढे झाले नाहीत. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते देणं स्वतःवर घेतलं, मग नमाज झाली. रक्कम मोठी नव्हती, मोजके दीनार होते. पुढे हाती साधनं आली तेव्हा असं देणं प्रेषित स्वतःकडे घेऊ लागले. गरिबाच्या कर्जाविषयी इतकी कणव आणि कर्ज ठेवून जाण्याविषयी इतकी सक्ती, दोन्ही एकाच माणसाच्या ठायी होती.

आता आपल्या घरांकडे बघू. कुरआन कुठे असतो? जुजदानात गुंडाळून सगळ्यात उंच फळीवर. खाली कधी येतो? रमजानला, आणि घरात मय्यत झाली की. मय्यतीच्या उशाशी आपण यासीन पढतो. सूरह यासीनच्या ८३ आयती आपल्यातल्या किती जणांना तोंडपाठ आहेत! पण त्याच सूरहची ७०वी आयत काय सांगते हे त्या उशाशी बसलेल्यांना विचारा. तिचा आशय असा की हा संदेश जो जिवंत आहे त्याला सावध करण्यासाठी आहे. मेलेल्याजवळ बसून आपण जिवंतांसाठी आलेली आयत पढतो, आणि ती पढणारा जिवंत माणूस ऐकत नसतो. कुरआनखानी बंद करा, असं माझं म्हणणं नाही. गेलेल्यांसाठी दुआ व्हायलाच हवी. पण खोलीत बसलेल्या वीस जणांसाठीही तो शब्द आहे, हे विसरून कसं चालेल?

दोष लहानपणापासूनचा आहे. मक्तबमध्ये उस्तादांनी आपल्याला जेर, जबर, पेश शिकवलं, मखारिज घोटून घेतले. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण अक्षरांपाशी आपण थांबलो ते थांबलोच. मी स्वतः ३५ वर्षं दर रमजानला खत्म केला. ६,२३६ आयती डोळ्यांखालून गेल्या, दर वर्षी. त्यातली एक माझ्या घराच्या दारात उभी होती आणि मी तिला ओलांडून जात होतो. ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय हे आवाहन करण्याचा मला अधिकार नाही.

वडील गेले तेव्हा त्यांच्या मागे ३६ कलमांची बाग राहिली. आई आधीच गेली होती. वारस आम्ही दोघं, मी आणि थोरली आपा. चाळीसवा झाला, आणि पुढच्याच आठवड्यात मी आपाला निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेलो. हक्कसोडपत्र तयार होतं. आपल्याकडे सगळेच करतात, बहिणी सही देतातच, असं मी धरून चाललो. तिने सही केली. परतताना तिला एसटीत बसवून दिलं, हातात मुलांसाठी खाऊ दिला आणि मला वाटलं, मी चांगला भाऊ आहे. त्यानंतर ११ हंगाम त्या बागेच्या पेट्या वाशीच्या मार्केटला माझ्या नावाने गेल्या.

मग काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण इशानंतर कुरआनचा मराठी अर्थ वाचायला बसू लागलो. रोज थोडंसंच. सूरह निसा लागली. १०वी आयत यतीमांचा माल खाणाऱ्यांविषयी आहे; ते आपल्या पोटात आग भरतात, असा तिचा अर्थ आहे. तो वाचून आम्ही सगळे गंभीर झालो, कारण ते दुसऱ्यांविषयी होतं. लगेच ११वी. मुलाला दोन मुलींइतका वाटा. वाचणारा पुढे गेला, मी मागेच राहिलो. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. ३६ कलमं. २४ माझी, १२ आपाची. इतका सोपा हिशेब, चौथीतल्या पोराने केला असता. त्याच आयतीत हेही आहे की वाटणी वसीयत आणि कर्ज चुकतं केल्यानंतरची. आणि दोन आयती पुढे, या अल्लाहने घातलेल्या मर्यादा आहेत, अशी ताकीद. अरबीत हे सगळं मी ३५ वेळा सुरात पढलो होतो.

मी आपाच्या घरी गेलो. ती पडवीत भाकरीचं पीठ चाळत होती. मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, चाळण हलवत राहिली. मग म्हणाली, "सही कर की नको, हे मला कुणी विचारलंच नव्हतं रे. सही कुठे करायची, तेवढं बोटाने दाखवलं होतंस."

बागेतला १२ कलमांचा तुकडा आता आपाच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर फेरफार झाला आहे. ११ हंगामांचे पैसे मी हप्त्याने फेडतो आहे, दोन हंगामांचे राहिलेत. ते फिटेपर्यंत अल्लाहने आयुष्य द्यावं, एवढीच दुआ रोज मागतो. आणि मध्येच बोलावणं आलं तर मुलाला सगळं लिहून दिलं आहे.

बांधवांनो, चिंतन म्हणतात ते हेच. तदब्बुर हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, ते आलिमांचं काम. अरबी व्याकरण, तफसीरचे ग्रंथ, ते खरंच त्यांचं काम आहे, आणि हुकमाविषयी शंका आली तर त्यांनाच विचारायचं. पण कुरआनने विचार करायला सांगितलंय ते सगळ्यांना. सूरह मुहम्मदमध्ये तर प्रश्न आहे की हे लोक विचार का करत नाहीत, काळजांना कुलपं लागली आहेत का. सहाबांविषयी असं नोंदलेलं आहे की ते दहा आयती शिकायचे, आणि त्यांतलं ज्ञान आणि अंमल दोन्ही आत्मसात केल्याशिवाय पुढच्या दहांकडे वळायचे नाहीत. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांना सूरह बकरा शिकायला आठ वर्षं लागली. स्वतः प्रेषितांनी एकदा अख्खी रात्र नमाजेत एकच आयत पुन्हा पुन्हा पढली. आणि आपण? २७व्या रात्रीपर्यंत खत्म झाला की नाही, याची आपल्याला घाई.

भाषेची सबब आता उरलेली नाही. मराठीत भाषांतरं आहेत, छापील आहेत, मोबाइलवरही आहेत. आपल्याच कोकणात, गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी मोठेपणी अरबी शिकून मूळ कुरआन वाचला, आयती निवडून विषयवार लावल्या. १९६२ साली ते संकलन प्रसिद्ध झालं. त्यांनी एवढे कष्ट घेतले, आणि आपल्याला मायबोलीत आयता मिळालेला अर्थ उघडायला वेळ मिळू नये?

आता मौतीविषयी. घरात हा शब्द काढला की बायका म्हणतात, अशुभ बोलू नका. पण लज्जतींचा नाश करणाऱ्या मौतीला वरचेवर आठवत जा, असं प्रेषितांनीच सांगितलं. कबरींना भेट द्या, त्याने आखिरतची आठवण होते, असंही सांगितलं. इमाम गझालींच्या 'इह्या'चे ४० भाग आहेत. खाण्याच्या शिष्टाचारापासून व्यापारापर्यंत सगळं त्यात येतं, आणि ४०वा, शेवटचा भाग मौतीच्या स्मरणाचा आहे.

सूरह मुनाफिकूनच्या शेवटी मरणाऱ्या माणसाची विनवणी आहे. तो थोडी मुदत मागतो. कशासाठी, ते नीट बघा. घर पुरं करायला नाही, पोराचं लग्न बघायलाही नाही. सदका द्यायला, चांगल्या माणसांत सामील व्हायला. मुदत मिळत नाही, हे पुढच्याच आयतीत आहे. तो जी मुदत मागतो आहे ती आज आपल्या हातात आहे. या महिन्याचा पगार, ही दुपार, ही तब्येत, हीच ती मुदत.

एक गोष्ट मात्र तरुणांना मुद्दाम सांगतो. मौतीची आठवण म्हणजे मौतीची इच्छा नव्हे. हाल सोसवत नाहीत म्हणून मौत मागायला प्रेषितांनी मनाई केली आहे. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल तरी ते लावून टाका, अशीही शिकवण आहे. नोकरी गेली, आखातातून परत यावं लागलं, कर्जाने झोप उडाली, आणि मनात काळे विचार येत असतील, तर एकट्याने सोसू नका. माझ्या दारावर थाप मारा, रात्रीची वेळ बघू नका. डॉक्टरकडे मी बरोबर येईन. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि नवरेमंडळींनो, तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलतो. जनाजा उठायच्या आधी बाईला पुढे आणून 'मेहर माफ केलं म्हण' असं सांगण्याची रीत कितीतरी घरांत आहे. रडून बेजार झालेली ती बाई दुसरं काय म्हणणार? मेहर हे तुमच्यावरचं कर्ज आहे. ते तुम्ही जिवंतपणी, तिच्या हातात, आनंदाने द्यायचं आहे. एकदम जमत नसेल तर थोडं थोडं द्या, पण तिला त्या दिवशी तिथे उभं करू नका.

वसीयतही लिहून ठेवा. ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखं काही आहे त्याने ती लिहिल्याशिवाय दोन रात्रीसुद्धा काढू नयेत, असं हदीसमध्ये आहे. एक तृतीयांशापेक्षा जास्त मालाची वसीयत करता येत नाही, आणि ज्या वारसांचे हिस्से ठरलेले आहेत त्यांच्यासाठी ती नसते, तेव्हा लिहिण्याआधी पेशइमामसाहेबांना विचारा. पण वसीयत दूरची वाटत असेल तर निदान वहीत लिहा. पतपेढीचं कर्ज किती, बिशीचे पैसे कुणाकडे, दुकानाची उधारी, कुणाचे दागिने आपल्या कपाटात आहेत, कुणाची जमीन आपल्या नावावर आहे. आखातातल्या भावांनो, तुमचं निम्मं देणं-घेणं तिथल्या खोलीतल्या सोबत्यांच्या तोंडी हिशेबावर चालतं, हे मला ठाऊक आहे. कुरआनमधली सगळ्यात लांब आयत कशाविषयी आहे, माहीत आहे? बकराची २८२वी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका, याविषयी. अल्लाहच्या किताबातली सर्वांत लांब आयत उधारीच्या वहीविषयी आहे, यावर एक संध्याकाळ विचार करून बघा.

येत्या जुम्यापासून रोज इशानंतर मशिदीच्या पडवीत आम्ही अर्धा तास बसणार आहोत. अरबी पढायची, मराठी अर्थ वाचायचा, दहाहून जास्त आयती घ्यायच्या नाहीत. भाषण कुणी करायचं नाही. ज्याला त्या आयतीत स्वतःविषयी काही सापडलं त्याने हवं तर सांगावं, नको तर मनात ठेवावं. भगिनींची बैठक असर आणि मगरिबच्या मध्ये आमच्या घरी होईल. आपाने वाचायचं कबूल केलं आहे. बाहेरगावच्यांना फोनवरून ऐकता येईल अशी सोय पोरं करताहेत. आणि दर जुम्याच्या फजरनंतर, कुणाचीही मय्यत नसताना, आपण सगळ्यांनी मिळून कब्रस्तानात जायचं. सलाम करायचा, दहा मिनिटं थांबायचं. मोबाइल घरी ठेवून या.

पहिल्या दिवशी सूरह अस्र घेऊ. तीनच आयती आहेत. येताना एक कोरी वही आणा.